पयनघाटातील शेळ्या-मेंढ्या: दर्यापूर परिसरातील कळपांच्या आरोग्याचा इतिहास

जुन्या महसुली व्यवहारात वऱ्हाडाचे तीन भाग मानले जात: उत्तरेकडचा, सातपुड्याच्या गाविलगड रांगेतला मेळघाट, दक्षिणेकडचा, अजिंठ्याच्या डोंगरपठारावरचा बालाघाट, आणि या दोहोंच्या मधला, पूर्णा नदीच्या सपाट खोऱ्याचा पयनघाट. दर्यापूर तालुका या पयनघाटात येतो. सातपुड्यातून उतरणाऱ्या चंद्रभागा आणि शहानूर या नद्या याच परिसरातून पूर्णेकडे जातात. माती खोल, काळी आणि चिकण आहे. आणि भूगर्भातील पाणी बहुतेक ठिकाणी खारे असल्यामुळे अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या भागाला खारपाणपट्टा असे नाव पडले आहे. कापूस, ज्वारी, तूर, मूग आणि हरभरा यांसाठी ही जमीन नावाजलेली असली, तरी शेळी आणि मेंढी या लहान जनावरांना ती आठ महिने मानवते आणि पावसाळ्याचे चार महिने त्यांच्या मुळावर उठते. कारण पहिल्या मोठ्या पावसानंतर येथे बसायला कोरडी जागा उरत नाही, खुरांच्या बेचक्यात चिखल घट्ट बसून जखमा होतात आणि उभ्या पिकांमुळे चरायला धुऱ्याखेरीज, म्हणजे शेताच्या बांधाखेरीज, काही राहत नाही.

या परिसरातील शेळ्या-मेंढ्यांच्या आरोग्याचा इतिहास म्हणूनच औषधांपासून सुरू होत नाही. कळप कोणत्या महिन्यात कोठे बसवावा, केव्हा हलवावा आणि कोणत्या शेतात किती रात्री ठेवावा, यासंबंधीचे ज्ञान हेच दीर्घकाळ येथील प्रमुख रोगनिवारण होते. एकोणिसाव्या शतकात कापूस आणि वनकायदा यांनी कळपांच्या हालचालीची जागा आवळली, आणि तिच्या बदल्यात यावयाची पशुवैद्यकीय व्यवस्था आली ती बैलासाठी आली. शेळी-मेंढीपर्यंत ती पोहोचण्यास आणखी शंभर वर्षे लागली. या दोन घटनांमधील अंतर लक्षात घेतल्याखेरीज आजच्या दर्यापूर तालुक्यात चार-पाच शेळ्या बाळगणाऱ्या घराची अडचण समजत नाही.

वऱ्हाडात ही जनावरे पाळण्याच्या दोन वेगळ्या पद्धती होत्या आणि त्यांचे रोगही काहीसे वेगळे होते. मेंढ्या मुख्यतः धनगरांकडे असत. दख्खनी जातीच्या, काळ्या किंवा करड्या लोकरीच्या या मेंढ्यांचे कळप शंभर-दोनशेच्या संख्येने कुटुंबाबरोबर फिरत. लोकर कातरून तिची घोंगडी विणली जात आणि मांसाइतकेच, किंबहुना अधिक, उत्पन्न लेंडीखताचे असे. शेळी, जिला वऱ्हाडात बहुतेक जण बकरीच म्हणतात, ती मात्र घरची होती. शेतमजूर, अल्पभूधारक, विधवा स्त्रिया, विणकर, परीट, अशा ज्यांच्याकडे बैल बाळगण्याइतके वावर नव्हते त्यांच्याकडे दोन ते सहा शेळ्या असत; त्या सकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेर जनावरे गोळा होण्याच्या मोकळ्या जागेवर, जमत आणि गावचा राखणदार त्यांना एकत्र चरायला नेत असे. बेरारी नावाने आज नोंदलेली, तपकिरी-तांबूस रंगाची जात याच पालनातून घडली. नागपूर, वर्धा, अमरावती आणि अकोला या भागांत ती आढळते, आणि राष्ट्रीय नोंदीत येण्यापूर्वी तिला गावरानी किंवा लाखी एवढीच ओळख होती. एकत्र चरणाऱ्या शेळ्यांत संसर्ग लवकर पसरे. फिरत्या मेंढ्यांना संसर्गापेक्षा चिखल, जंत आणि नव्या चाऱ्याचा धोका मोठा होता.

मेंढपाळांचे वर्ष कापसाच्या वर्षाला बांधलेले होते. कापसाची शेवटची वेचणी झाली की वऱ्हाडात उलंगवाडी झाली असे म्हणतात. तेव्हापासून वावरे चराईस मोकळी होतात आणि पऱ्हाटीवरची उरलीसुरली पाने, बोंडे, तसेच तूर आणि हरभरा काढल्यानंतर पडलेला पाला व कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, यांवर कळप पोसले जातात. या काळात शेतकरी मेंढ्या आपल्या वावरात बसवून घेत असे. रात्री वाघूर, म्हणजे दोरीचे जाळे, लावून कळप एका तुकड्यात कोंडला जाई, दुसऱ्या रात्री जाळे पुढे सरके आणि अशा रीतीने संपूर्ण शेताला लेंडी व मूत्र यांचे खत मिळे, ज्याचा मोबदला धनगराला धान्यात किंवा रोख दिला जाई. शेतकऱ्याच्या लेखी हा खताचा व्यवहार होता. पण कळपाच्या दृष्टीने तो आरोग्याचाही होता, कारण मेंढ्या एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा अधिक बसत नसत आणि त्यांच्या लेंड्यांतून पडलेली जंतांची अंडी उबून अळ्या होईपर्यंत कळप दूर गेलेला असे. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातील सर्वांत घातक गोल जंत, ज्याला शास्त्रात हिमॉन्कस म्हणतात, तो जठराच्या चौथ्या कप्प्यात राहून रक्त शोषतो आणि त्याच्या अळ्या ओल्या गवताच्या पात्यांवर चढून पुन्हा जनावराच्या पोटात जातात. कोरड्या उन्हाळ्यात, रोज नव्या जागी बसणाऱ्या कळपात हे चक्र तुटते. धनगराला अळीचा शोध लागलेला नव्हता, मात्र दव ओसरल्याशिवाय कळप सोडायचा नाही आणि पाणथळ जागी चारायचा नाही हे नियम तो कसोशीने पाळत असे, आणि ते आजच्या जंतशास्त्राशी तंतोतंत जुळतात.

पावसाळ्यात याच्या उलट स्थिती होई. काळ्या मातीचा चिखल टाळण्यासाठी कळप सखल पयनघाट सोडून मुरमाड जमिनीकडे सरकत. उत्तरेला सातपुड्याचा पायथा आणि दक्षिणेला बालाघाटाचे उतार या दोन्ही बाजूंना निचऱ्याची जमीन होती. या स्थलांतराकडे केवळ चाऱ्याच्या शोधाची वाटचाल म्हणून पाहण्याचा प्रघात आहे, आणि तो अपुरा आहे. जूनच्या शेवटी दर्यापूरच्या वावरात अडकलेल्या मेंढीला खुरे सडण्याचा रोग, जंत, फुप्फुसदाह आणि आंत्रविषार हे चारही एकाच वेळी गाठू शकतात. यांपैकी आंत्रविषार हा विशेष लक्ष देण्याजोगा आहे, कारण तो अशक्त जनावराला सोडून धष्टपुष्ट जनावराला मारतो. आतड्यात एरवीही अल्प प्रमाणात राहणारे क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू, उन्हाळाभर वाळल्या चाऱ्यावर राहिलेल्या मेंढीने पहिल्या पावसानंतरचे कोवळे गवत भरपूर खाल्ले की एकाएकी वाढतात, विष तयार करतात आणि संध्याकाळी चरून आलेली मेंढी सकाळी मेलेली आढळते. कळपातील उत्तम कोकरे प्रथम जातात म्हणून हा रोग दृष्ट लागल्याचा परिणाम समजला जाई, आणि त्या समजुतीला निरीक्षणाचा आधार होता हे मान्य करावे लागते.

खाऱ्या पाण्याचा प्रश्न थोडा निराळा आहे. शेळी आणि मेंढी या गायी-म्हशींपेक्षा अधिक खारे पाणी सहन करू शकतात, त्यामुळे खारपाणपट्ट्यात लहान जनावरे टिकून राहण्यास एक नैसर्गिक कारण होते. तथापि उन्हाळ्यात नदीतले डोह आटून क्षार वाढले की गाभण माद्या आणि कोवळी करडे यांना हगवण लागे. गोड्या पाण्यासाठी ज्या डबक्यांवर आणि तळ्यांवर जनावरे नेली जात, तेथील गोगलगायींतून यकृतात शिरणाऱ्या चपट्या कृमींची लागण होई. खारे पाणी टाळावे तर कृमी आणि कृमी टाळावे तर खारे पाणी, अशी ही कोंडी होती.

लोकवैद्यकाची सामग्री परिसरातूनच आलेली होती. पळसाच्या बिया, ज्यांना पळसपापडी म्हणतात, त्या जंतांवर दिल्या जात. सीताफळाचा पाला वाटून किडे पडलेल्या जखमेत भरला जाई. खरजेवर करंजाचे तेल, उवांवर तंबाखूचे पाणी, पोटफुगीवर हिंग आणि ओवा घालून गोडे तेल, सडलेल्या खुरांवर बिबा किंवा मोरचूद, आणि सुजलेल्या सांध्यावर तापलेल्या लोखंडाचा डाग हे उपचार सर्वत्र प्रचलित होते. यांतील पळस, करंज, सीताफळ आणि मोरचूद यांचे गुण पुढे प्रयोगशाळेतही मान्य झाले. मोरचूद आणि तंबाखूतील निकोटीन यांचे मिश्रण तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, फेनोथायझिन हे संयुग वापरात येईपर्यंत, जगभरच्या मेंढपाळांचे जंतनाशक होते. डाग देण्याचा मात्र उपयोग झाल्याचा पुरावा नाही आणि त्याने जनावराला निष्कारण यातना झाल्या, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. बाभळीच्या शेंगांचे स्थान औषध आणि आहार यांच्या सीमेवर आहे: काळ्या मातीत बाभूळ विपुल वाढते, हिवाळ्याच्या अखेरीपासून तिच्या शेंगा पडतात, त्यांत प्रथिने भरपूर असतात आणि त्यांतील टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, जंतांची वाढ काही प्रमाणात रोखते. उन्हाळ्यात विणारी शेळी बाभळीच्या आधाराने तगते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

साथीच्या रोगांपुढे मात्र हे वैद्यक हतबल होते. मेंढ्यांच्या अंगावर उठणाऱ्या फोडांना माणसांच्या रोगाप्रमाणेच देवी म्हणत. नाका-तोंडातून काळे, न गोठणारे रक्त येऊन जनावर तडकाफडकी मरे त्या रोगाला फाशी हे नाव होते, आणि मेलेल्या जनावराचे कातडे सोलणाऱ्यालाच काळपुळी होई, कारण दोन्हींचा जिवाणू एकच आहे. तोंड येणे, डोळे-नाक वाहणे आणि दुर्गंधीयुक्त हगवण या लक्षणांच्या रोगाला बुळकांडी म्हटले जाई. अशा वेळी गावाचा उपाय मरीमायकडे असे. देवीचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत नेऊन रोगाला सीमेबाहेर घालवण्याची प्रथा वऱ्हाडात होती आणि तिच्या नैवेद्याला बोकड किंवा कोंबडा लागे. माणसात पटकी आली तरी बोकड, गुरांत बुळकांडी आली तरी बोकड, मूल जगावे म्हणून नवस केला तरी बोकड. इतरांच्या आरोग्याचा खर्च शेळीच्या कळपातून वसूल होत होता आणि शेळीच्या आरोग्यावर खर्च करण्याची कल्पना कोणाच्या मनात नव्हती.

या प्रथेला सर्वांत प्रभावी विरोध याच मातीतून झाला. गाडगेबाबा, म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, आज अंजनगाव सुर्जी तालुक्यात असलेल्या शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला, आणि वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांचे बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुरे येथे मामाच्या घरी गुरे राखण्यात गेले. मुलीच्या बारशाला मटण आणि दारू यांची जातरीत मोडून त्यांनी गोड जेवण घातले, ही घटना त्यांच्या सर्व चरित्रांत येते. पुढे कीर्तनांतून त्यांनी देवापुढे बोकड कापण्यावर जो प्रहार केला, त्यात भूतदयेइतकेच अर्थशास्त्र होते: नवसासाठी कर्ज काढून बोकड विकत घेणारा माणूस मुलाला औषध आणि शाळा देऊ शकत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. बहिरमच्या यात्रेतील मटणाची हंडी आजही प्रसिद्ध आहे, तेव्हा मांसाहार थांबला असे कोणी म्हणणार नाही. परंतु रोगावर बळी हा उपाय आहे ही श्रद्धा वऱ्हाडात जेवढी ढिली झाली, तिचे मोठे श्रेय बाबांकडे जाते.

कळपांच्या जागेवर पहिला मोठा आघात राजकीय बदलांनंतर झाला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, १८६० नंतर मुंबई पद्धतीची जमीन मोजणी सुरू झाली, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव कडाडले आणि १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचून वऱ्हाडचा कापूस थेट मुंबई बंदराशी जोडला गेला. त्यापूर्वी पडीक राहणारी, आलटून पालटून पेरली जाणारी जमीन मोजणीनंतर खातेदाराच्या नावे लागली आणि कापसाखाली आली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस, दुष्काळ आणि गुरेढोरे यांवर लिहिलेल्या इतिहासात चराईच्या जमिनीचा हा संकोच तपशीलवार मांडला आहे. पयनघाटात तो अधिक तीव्र होता, कारण तेथे नांगराखाली न येणारा डोंगर किंवा खडकाळ माळ जवळपास नाहीच.

दुसरा आघात वनकायद्याचा. १८८६ मध्ये वऱ्हाडासाठी स्वतंत्र वनकायदा झाला आणि जंगलांची वर्गवारी करण्यात आली. इमारती लाकूड व सरपण, वैरण आणि चराई या उपयोगांनुसार त्यांचे वर्ग पडले. याच वर्गवारीच्या परंपरेतून आजही वऱ्हाडातला शेतकरी गुरचरणाच्या सरकारी जमिनीला ई-क्लास म्हणतो. पावसाळ्यात ज्या पायथ्याकडे कळप जात तेथे आता पास, फी आणि दंड आले. वनखात्याचा शेळीवर विशेष राग होता, कारण ती गवताबरोबर झाडांचे शेंडेही खाते. राखीव जंगलात तिला बहुधा मज्जाव असे आणि स्वातंत्र्यानंतरच्या १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीनेही शेळीचराई आणि वनसंवर्धन यांचा मेळ बसत नाही हीच भूमिका कायम ठेवली. वनरक्षणाच्या दृष्टीने ती भूमिका निराधार नव्हती. पण कळपाला पावसाळ्यात कोरड्या जमिनीवर जाऊ न देणे म्हणजे त्याला चिखलात आणि जंतांत राहण्यास भाग पाडणे होय, हा हिशेब त्या धोरणात कधी मांडला गेला नाही. १८९९-१९०० च्या, विक्रम संवतावरून छप्पनचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुष्काळाने वऱ्हाडातील पशुधनाची मोठी हानी केली आणि चराईच्या जागा संपल्याचे परिणाम उघड झाले.

सरकारी पशुवैद्यकाचा उदय याच काळातला. १८७१ मध्ये जे. एच. बी. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने हिंदुस्थानातील गुरांच्या साथींचा अहवाल दिला. १८८६ मध्ये मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आणि डिसेंबर १८८९ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात साम्राज्याची जिवाणू प्रयोगशाळा स्थापन झाली, जी १८९३ मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली आणि पुढे भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. या सर्व खटाटोपाचे लक्ष्य बुळकांडी हे होते, कारण ती नांगराचा आणि गाडीचा बैल मारत होती आणि बैल मेला की शेतसारा बुडत होता. वऱ्हाडाच्या जुन्या गॅझेटियरांतही, १८७० चे लायल यांनी संपादिलेले असो की १९११ चे अमरावती जिल्ह्याचे असो, बैलांचे वर्णन चवीने येते आणि शेळ्या-मेंढ्या थोडक्यात उरकल्या जातात.

शेळीचा प्रयोगशाळेत प्रवेश झाला तो रुग्ण म्हणून झालाच नाही. मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात असे दाखवले की बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत असा वारंवार टोचत नेला तर गुरांसाठी तो सौम्य होतो आणि तरीही प्रतिकारशक्ती निर्माण करतो. तोपर्यंत रोगातून बऱ्या झालेल्या गुरांच्या रक्तातील रस, म्हणजे सीरम, आणि विषाणू हे एकत्र टोचावे लागत आणि ती पद्धत महाग होती. केवळ शेळीत वाढवलेला विषाणू शेतावरच्या गुरांना टोचून पाहण्याचे काम मध्य प्रांताच्या पशुवैद्यक खात्यातील आर. एफ. स्टर्लिंग यांनी केले आणि १९३२ मध्ये त्यावर लेखन प्रसिद्ध केले. वऱ्हाड १९०३ पासून प्रशासनाच्या दृष्टीने मध्य प्रांताशी जोडलेले असल्यामुळे हा प्रयोग येथील इतिहासाचाच भाग आहे. पुढील तीन दशके शेळीच्या प्लीहेपासून तयार केलेली ही लस देशभर वापरली गेली आणि १९५४ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन मोहीम तिच्याच बळावर चालली. मरीमायपुढे बोकड गुरांसाठी कापला जाई. लशीच्या काळातही बैल वाचवण्यासाठी शेळीच खर्ची पडली.

स्वातंत्र्यानंतर व्यवस्था वाढली, हे निःसंशय. १९५८ मध्ये नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर तालुक्याचे आणि गावांचे बरेच दवाखाने त्यांच्याकडे गेले. पुण्यात औंध येथे राज्याची लसनिर्मिती संस्था उभी राहिली. अकोल्यात पदव्युत्तर पशुवैद्यक शिक्षणाची सोय झाली, आणि २००० मध्ये नागपूरला स्वतंत्र पशुविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या, आज पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे एक प्रक्षेत्र अमरावतीजवळ पोहरा येथे आहे. तरीही दवाखान्याचा कारभार गाय-बैल आणि पुढे संकरित गाय यांच्याभोवती फिरत राहिला. याचे कारण अनास्थेइतकेच व्यवहारातही होते: शेळीची किंमत कमी असल्यामुळे तिच्या उपचाराला दहा-बारा किलोमीटर दूर जाण्याचा खर्च परवडत नसे, आजारी शेळी बरी होण्याची वाट पाहण्यापेक्षा ती खाटकाला देणे हा मालकाच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय होता, आणि जी जनावरे दवाखान्यात येतच नाहीत त्यांची नोंद व मागणीही तयार होत नसे.

या उपेक्षेचे परिणाम बुळकांडी संपत असतानाच दिसले. १९८७ मध्ये तमिळनाडूतील अरसूर येथील मेंढ्यांत आढळलेला रोग बुळकांडी नसून पीपीआर असल्याचे सिद्ध झाले. बुळकांडी, पीपीआर आणि माणसातला गोवर यांचे विषाणू एकाच गटातले असून पीपीआरचा विषाणू मुख्यतः लहान रवंथी जनावरांना धरतो. ताप, डोळ्यांना व नाकाला चिकट स्राव, तोंडात व्रण, हगवण आणि शेवटी फुप्फुसदाह अशी त्याची वाटचाल असते आणि त्यात करडे मोठ्या संख्येने दगावतात. आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये तो १९४२ मध्येच ओळखला गेला होता. भारतात तो १९८७ लाच उपटला की त्यापूर्वीही शेळ्यांत बुळकांडी म्हणून नोंदल्या गेलेल्या साथींपैकी काही याच होत्या, हा प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केला आहे, आणि वऱ्हाडातील बुळकांडीच्या जुन्या आठवणी वाचताना तो ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. काही काळ बुळकांडीची लस शेळ्यांना पीपीआरविरुद्धही उपयोगी पडत होती. परंतु देश बुळकांडीमुक्त ठरवण्यासाठी ती लस बंद करावी लागली आणि भारतातील बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये होऊन गेल्यावर २०११ मध्ये सारे जगच त्या रोगातून मुक्त जाहीर झाले. बैल सुरक्षित झाला आणि शेळीची उधार घेतलेली ढाल गेली. स्वतंत्र पीपीआर लस, ज्यात मुक्तेश्वरला विकसित झालेली सुंगरी ९६ ही प्रमुख होय, बुळकांडीची लस थांबल्यावर प्रचारात आली, आणि केंद्राचा पीपीआर नियंत्रण कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. एका टोचणीने किमान तीन वर्षे संरक्षण मिळते, हे लक्षात घेता लहान कळपासाठी यापेक्षा स्वस्त उपाय दुसरा नाही.

विषबाधेचा इतिहास कापसाशी जोडलेला आहे. ज्वारीचे कोवळे किंवा पाण्याविना सुकलेले फुटवे खाल्ल्याने जनावरे तडफडून मरतात, त्याला वऱ्हाडात किरळ लागणे म्हणतात. फुटव्यांतील द्रव्यापासून पोटात तयार होणारे सायनाइड हे त्याचे कारण असून हा धोका शेतकऱ्याला पूर्वापार माहीत होता. कीटकनाशके आल्यावर मात्र उलंगवाडीचे वावर, जे पिढ्यान्‌पिढ्या कळपाचे हक्काचे कुरण होते, तेच संशयास्पद झाले. फवारणी केव्हा झाली हे शेतमालक सांगेल तरच धनगराला कळते. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील वारंगल भागात त्या कापसावर चरलेल्या मेंढ्या मेल्याच्या तक्रारी झाल्या. त्या मृत्यूंचे कारण बीटी की कीटकनाशके व नायट्रेट, यावर बराच वाद झाला. वाद कसाही मिटो, मेंढ्या बसवून घेण्याची जुनी देवघेव या संशयामुळे आणि रासायनिक खतांमुळे पातळ झाली, आणि रोज जागा बदलण्याची सवय सुटल्याने जंतांचे चक्र पुन्हा जुळले.

आता शेळी वाढते आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आणि सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. २०१२ मध्ये शेळ्यांची संख्या सुमारे ८४ लाख होती. दहा शेळ्या व एक बोकड असा गट अनुदानावर देण्याची योजना, आणि २०१७ पासूनची, वीस मेंढ्या व एक मेंढा देणारी महामेष योजना यांतून गावांत नवी जनावरे येतात. मात्र वेगवेगळ्या बाजारांतून गोळा केलेली जनावरे एका ट्रकमधून आणून गावातील शेळ्यांत सोडणे हा पीपीआर, मावा म्हणजे ओठांवरचे खपलीदार फोड, आणि खरूज पसरवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. नवे जनावर तीन आठवडे वेगळे बांधण्याचा नियम कागदावर असतो आणि ज्या घरात एकच छप्पर आहे तेथे तो पाळणे कठीण जाते. जंतनाशकांचेही तसेच झाले आहे. एकच औषध वर्षानुवर्षे आणि अंदाजाने दिल्यामुळे जंत त्याला दाद देईनासे होतात. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९९० च्या दशकात डोळ्याच्या आतल्या पापणीचा रंग पाहून फक्त फिकट पडलेल्या जनावरालाच औषध देण्याची पद्धत रूढ केली. पापणी उलटून रक्त पाहण्याची खूण जुन्या मेंढपाळांना अपरिचित नव्हती. रंगांचा तक्ता तेवढा नवा आहे. ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने, म्हणजे उमेदने, गावातील स्त्रियांना पशुसखी म्हणून प्रशिक्षण देण्यास आरंभ केला, ही या दीर्घ इतिहासातील कदाचित सर्वांत योग्य दिशेची गोष्ट होय, कारण शेळी सांभाळणारी व्यक्ती बहुधा स्त्रीच असते आणि दवाखान्याच्या रांगेत ती क्वचितच दिसते.

तरीही जागेचा प्रश्न लशीने सुटत नाही. ई-क्लास जमिनी अतिक्रमणांत आणि सार्वजनिक बांधकामांत संपत आल्या आहेत, नदीकाठची बाभूळबने विरळ झाली आहेत आणि पावसाळ्यात शेळ्या बांधण्यासाठी जमिनीपासून उंच, निचऱ्याचा गोठा बांधण्याइतकी ऐपत थोड्यांची आहे. दर्यापूरसारख्या तालुक्यात गावनिहाय उरलेल्या गुरचरणाची मोजणी करून तेवढे तरी मोकळे ठेवणे आणि फिरत्या कळपांच्या टोचणीची नोंद गावाऐवजी कळपमालकाच्या नावाने ठेवणे, ही दोन कामे नव्या अनुदानापेक्षा अधिक तातडीची आहेत. पीपीआरच्या जागतिक निर्मूलनासाठी २०३० ही मुदत धरली गेली आहे. कळपाची दरवर्षीची मुदत मात्र त्याहून जवळची असते: पयनघाटात पाऊस साधारणपणे जूनच्या मध्यास सुरू होतो. आंत्रविषाराची टोचणी त्याच्या किमान दोन आठवडे आधी, म्हणजे मे महिन्यात, झालेली असावी लागते.